दामा नाखव्याचं राज्य

हुकूमशहा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीचा गणवेश येतो, छातीवरची पदकं येतात. माझ्या डोळ्यांसमोर येतो तो कमरेला रुमाल नेसलेला, अंगात बंडी घातलेला आणि चहात बटर बुडवून खाणारा दामा नाखवा. मी पस्तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. हुकूमशाहीचा धडा आला की व्याख्या फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं ती पाठ करायची, गुण मिळवायची आणि विसरून जायची. तो धडा शिकवताना मी मात्र खिडकीबाहेर बघत असे. पुस्तकात लिहिलं होतं की हुकूमशहा सत्ता बळकावतो. आमच्या गावात कुणी काही बळकावलं नव्हतं. आम्ही ती स्वतःच्या हाताने दिली होती, पाटावर बसवून, वर विडा-सुपारी ठेवून. हे मुलांना सांगावं असं दरवर्षी वाटायचं आणि दरवर्षी तास संपायचा. आता तास संपायची भीती नाही, तेव्हा लिहून टाकते.

गावाचं नाव लिहीत नाही. चौलच्या बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन चालत जाता येईल इतक्या अंतरावरचा एक कोळीवाडा, एवढं पुरे. नाव लिहिलं तर नातेवाईक भांडायला येतील, आणि मला आता भांडायला तोंड आहे पण दम नाही. आमचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं, पुढे ओटा. त्या ओट्यावर बाबा जाळं विणत बसायचा. तो फार कमी बोलायचा, पण विणताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा, आणि ते पुटपुटणं थांबलं की आई आतून विचारायची, “काय झाला?” वाळूवर वलांड्या उभ्या असत, म्हणजे बोंबील सुकवायच्या लांबच लांब काठ्या. वारा सुटला की सुके बोंबील एकमेकांवर आपटून खडखडायचे. तो आवाज ऐकत मी अभ्यास केला, तो आवाज ऐकत झोपले. पुढे अलिबागला शिकायला राहिले तेव्हा पहिले आठ दिवस मला शांततेने झोप येईना.

सकाळी तांदळाची भाकरी आणि कालचं उरलेलं कालवण. ताज्या कालवणापेक्षा शिळं बरं, असं आमच्याकडे सगळेच मानत. चैत्र-वैशाखात आई त्यात चिंचेऐवजी कैरी घालायची, आणि त्या आंबट वासाने शेजारची माणसं विचारायची की आज काय शिजवलंस गो पारू. आज माझी सून सुकट पाकिटातून आणते. ती चांगली बाई आहे, तिला मी काही बोलत नाही, पण त्या सुकटीत चव शोधावी लागते. जेवताना आई सगळ्यांची चौकशी करायची, आणि त्यात होडीचीही करायची. काल तिच्या तळाला पाणी लागत होतं ते थांबलं का, नवी फळी बसली का. होडी बाबा आणि काकाची मिळून होती, सागवानी, आजोबांनी बांधून घेतलेली. दोन घरांचं पोट तिच्यावर होतं आणि घरातल्या थोर बाईसारखा तिचा मान होता.

दामा नाखव्याकडे सत्ता आली ती एका वादळानंतर. त्या वादळात गावच्या पाच होड्या फुटल्या. दामाने कमरेला दोर बांधून लाटांत उड्या मारल्या आणि बुडणारी माणसं ओढून काढली, त्यात आमचा काकाही होता. नंतर महिनाभर त्याने स्वतःच्या घरातला तांदूळ वाटला, तालुक्याला जाऊन साहेबांशी भांडून लाकूड मिळवलं. त्या दिवसांत मी त्याला देव मानत होते, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही, कारण तेव्हा तो खरंच मोठा माणूस होता. आमच्या गावकीत पाच पंच असत आणि ते दरवर्षी बदलत. वादळाने सगळ्यांचं काळीज हललं होतं. पाच जणांनी पाच तोंडांनी बोलण्यापेक्षा या हंगामापुरतं दामानेच बघावं, असं लोक म्हणाले. तो दोनदा नको म्हणाला. तिसऱ्यांदा लोकांनी त्याचे पाय धरले.

गावदेवीच्या देवळात एक नगारा होता. गावातल्या कुणालाही गाऱ्हाणं असेल त्याने तो वाजवावा आणि सगळ्या पुरुषांनी हातातलं काम टाकून यावं, अशी रीत होती. एकदा शेजाऱ्याच्या कोंबडीने सुकत घातलेला जवळा खाल्ला म्हणून काकाने नगारा वाजवला होता, आणि अख्खी गावकी त्या कोंबडीचा न्याय करायला बसली होती. त्या पावसाळ्यात दामा म्हणाला, देवळात गळतं, कातडं सादळतं, नगारा मी घरी नेऊन ठेवतो. कातडं खरंच सादळत होतं. पावसाळा संपला, पण नगारा परत आला नाही. आता गाऱ्हाणं असलं तर आधी दामाच्या ओट्यावर जाऊन ते त्याला सांगावं लागे, आणि त्याला पटलं तर नगारा वाजे.

देशात तेव्हा नुकतंच स्वराज्य आलं होतं. अलिबागहून माणसं येऊन सांगून गेली की प्रत्येकाला एक मत आहे, राजाला आणि रंकाला सारखंच. आई ठेवणीतलं लुगडं नेसून मत द्यायला गेली आणि बोटावरची शाई जाईपर्यंत ते बोट जपून वापरत होती. रांगेच्या तोंडाशी दामा उभा होता, सगळ्यांची विचारपूस करत. दिल्लीतलं सरकार बदलता येतं हे आम्ही त्या दिवशी शिकलो. गावातलं बदलता येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही, माझ्या शाळामास्तरांच्याही नाही.

मग पहिलं घर वाळीत पडलं. वाळीत टाकायची आमची रीत अशी की देवीपुढे नारळ ठेवायचा, एकेका पुरुषाने येऊन त्याच्यावर हात ठेवायचा, आणि मग तो नारळ समुद्रात सोडायचा. सोडलेला नारळ परत येत नाही, तसा दिलेला शब्दही, वाळीतल्याने माफी मागितल्याशिवाय, परत घेता येत नाही. ते घर होतं म्हादूचं. म्हादू दारू प्यायचा, भांडायचा, निम्म्या गावाला त्याने शिव्या दिल्या होत्या. एक दिवस त्याने दामाला शिवी दिली. लोकांनी आनंदाने हात ठेवले. बाबानेही ठेवला, घरी येऊन हात धुतला आणि जेवायला बसला. त्या घराशी बोलायचं नाही, त्यांना विहिरीवर येऊ द्यायचं नाही, त्यांच्या सुखदुःखाला जायचं नाही. म्हादूची बायको जानकी ही आमची धवलारीण. आमच्याकडे लग्न धवलारीण लावते, धवले गाऊन. माझ्या आईबाबांचं लग्न जानकीनेच आपल्या सासूच्या मागे उभं राहून गायलं होतं. आता लग्नाला दुसऱ्या गावाहून धवलारीण येऊ लागली. पुढच्या वर्षी म्हादू मेला तेव्हा त्याला खांदा द्यायला बाहेरगावचे चौघे आले. बाबा ओट्यावर जाळं विणत बसून राहिला. त्या दिवशी तो पुटपुटत नव्हता आणि आईने काय झालं म्हणून विचारलंही नाही.

जानकीची चंद्री माझी मैत्रीण होती. आम्हा दोघींत एक पाटी होती. नारळ समुद्रात गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं सोडलं. मी नऊ वर्षांची होते आणि कुणाला मला दोनदा सांगावं लागलं नाही. एकदा तिने भाजलेले चिंचोके माझ्यापुढे धरले. मी हात पाठीमागे घेतले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

दामाने कुणाला कधी मारलं नाही. मारलं असतं तर लोक उठले असते. तो आजाऱ्याला औषध आणून द्यायचा, कुणाच्या पोराला मुंबईच्या गिरणीत चिकटवायचा, बाळंतिणीच्या घरी नारळ पाठवायचा. आणि कुणाच्या ओट्यावर काय बोलणं झालं ते त्याला संध्याकाळच्या आत कळलेलं असायचं. त्याने हेर ठेवले नव्हते. आपल्याआधी दुसऱ्याने जाऊन सांगितलं तर काय, या भीतीने जो तो आधी जाऊन सांगायचा, म्हणजे ते काम आम्ही सगळे फुकटात करत होतो. हळूहळू ओट्यांवरच्या गप्पा आटल्या. पूर्वी जाळी विणताना पुरुष एकमेकांची टर उडवायचे, तीही बंद झाली. थट्टा कुठे जाऊन काय होऊन बसेल याचा नेम राहिला नव्हता.

शिमगा झाला आणि दोन भाऊ जाळं लावायच्या जागेवरून भांडले. दामा अलिबागला गेला होता, नगारा त्याच्या घरात कुलपात. गावकी बोलवायची सोय नाही म्हणून भांडण वाढलं आणि धाकट्याचा हात मोडला. पुढच्या बैठकीत माझा अबोल बाप उभा राहिला. तो काय बोलला ते मला शब्द न् शब्द माहीत आहे, कारण नंतर गावाने ते वाक्य हजारदा उगाळलं.

“नाखवा, कातडा आता सुकला असंल,” बाबा म्हणाला. “नगारा देवीचा हाय. देवळात ऱ्हाव दे.”

दामा हसला. “बरोबर बोललास, हरी,” असं म्हणून त्याने बाबाच्या पाठीवर हात ठेवला. आठव्या दिवशी देवीपुढे नारळ आला. हरी गावकीत फूट पाडतो, असं कारण सांगितलं गेलं. ज्यांच्याबरोबर बाबा समुद्रात भिजला, सुकला, त्या सगळ्यांनी एकेक करून हात ठेवला. काका आमच्याच घरातला, म्हणून तोही आमच्याबरोबर वाळीत. परत यायचं असेल तर बाबाने आपली टोपी दामाच्या पायांवर ठेवावी आणि सगळ्यांदेखत म्हणावं की माझी मती फिरली होती.

वाळीत पडलेलं घर बाहेरून नेहमीसारखंच दिसतं. होडीवरचे खलाशी गेले. बाबा आणि काका दोघंच किनाऱ्याजवळ जाळं टाकून मिळेल ते आणायचे. विहिरीवर आम्हाला बंदी, म्हणून आई आणि काकी चौलच्या वाटेवरच्या एका वाडीतून पाणी आणत. माशांची भरलेली टोपली बाईला एकटीने डोक्यावर घेता येत नाही, समोरून कुणीतरी हात लावावा लागतो. आईला कुणी हात लावीना. तिने टोपली आधी दगडावर, मग गुडघ्यावर, मग डोक्यावर अशी चढवायची युक्ती काढली, आणि बाकीच्या बायका वीस पावलं पुढे निघून गेल्या की त्यांच्या मागून चालायची. ती बाजारात गिऱ्हाइकांशी इतकं बोलायची की लोक म्हणत, ही बाई सुरमई विकते की पुराण सांगते. दिवसभराचं तुंबलेलं बोलणं तिथे मोकळं व्हायचं.

वैशाख सरत आला. पावसाळ्याआधी होड्या वाळूवरून वर ओढून घ्यायच्या असतात, लाटा पोचणार नाहीत इतक्या वर, आणि त्यांच्यावर झावळ्यांचं छप्पर घालायचं असतं. एक होडी ओढायला तीस-चाळीस माणसं लागतात. खाली ओंडके टाकायचे, त्यांना माशाचं तेल चोपडायचं, दोर बांधून सगळ्यांनी एका दमात ओढायचं. कुठलंही घर कितीही श्रीमंत असलं तरी आपली होडी आपण ओढू शकत नाही. दामाचं सगळं राज्य खरं तर या एका गोष्टीवर उभं होतं. एकेक करून गावातल्या साऱ्या होड्या वर गेल्या. आमची तेवढी खाली पाण्यात डुलत राहिली. समुद्राचा रंग बदलायला लागला होता. आणखी आठ-दहा दिवसांत एक उधाण आलं असतं आणि तिच्या फळ्या आम्हाला वाळूतून वेचाव्या लागल्या असत्या.

एका सकाळी बाबाने धुतलेली बंडी घातली आणि टोपी डोक्यावर न घालता हातात घेतली. आई भाकरी थापत होती.

“कुठं?” तिने विचारलं.

“माफी मागाला.” बाबा तिच्याकडे बघत नव्हता. “होडी गेली तं दोन घरांनी खावाचा काय?”

आईने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगू दिली. मग हात पुसत म्हणाली, “टोपी खुंटीला ठेव. आदी मला एक माफी मागून येव दे. ती आपल्यावर जुनी हाय.”

ती मला घेऊन जानकीच्या घरी गेली. भर सकाळी, गावाच्या मधल्या वाटेने. जानकी दारात जवळा निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही. चंद्री आतून बघत होती आणि मी माझ्या पायाच्या बोटांकडे बघत होते.

“जानकी,” आई उभ्यानेच म्हणाली, “म्हादूच्या मातीला आमच्या घरातला कोनी आला न्हाय. चुकला आमचा.”

“आता तुमच्यावर आली म्हनून आलीस.”

“व्हय. माझ्यावर आली म्हनूनच आले. आदी अक्कल आली न्हाय.”

जानकीने जवळ्यातला एक बारीक खेकडा काढून बाजूला टाकला. “काय पायजे तुला?”

“हात पायजेत. अवसेच्या भरतीला होडी ओढाची हाय.”

“येडी हायस का? दोराला बायकांचा हात लागलेला चालत न्हाय.”

“नारळावर कोनाचा हात लागलाय, जानकी? दादल्यांचा. तुला कोनी इचारला? मला इचारला? त्यांनी सबूद दिला त्यो त्यांनी पाळावा. आपन दिलाच न्हाय तं मोडाचा काय?”

खरंच, बायकांना कुणी विचारलं नव्हतं. गावकीत बायका बसत नसत, त्यांचा हात नारळावर लागत नसे, त्यांना शपथ नसे. दामाने सगळ्या गावाला बांधून घेतलं होतं, फक्त निम्मं गाव बांधायचं राहून गेलं होतं, कारण ते त्याच्या मोजण्यातच नव्हतं. मी पुढे पुष्कळ इतिहास वाचला. मोठमोठ्या राजांनीही हीच चूक केलेली दिसते, पण माझ्या आईने ती पुस्तक न वाचता पकडली याचा मला आजही अभिमान वाटतो.

जानकीने पहिल्यांदा आईकडे पाहिलं. “दोन वर्सं माझा तोंड बंद हाय,” ती म्हणाली. “मी दोर वढीन. पन गाईन पन.”

दोघी दुसऱ्या दिवशी चौलच्या बाजारात इतर बायकांच्या टोपल्यांसमोर जाऊन हेच बोलल्या. आई प्रत्येकीला नावाने हाक मारून सांगत होती. बायका माशांवर पाणी शिंपडत राहिल्या. कुणी हो म्हटलं नाही. एकीने तर तोंडावर पदर घेतला.

अवसेची भरती दुपारची. बाबा आणि काकाने होडी लाटेबरोबर वाळूला लावली, ओंडके टाकले, तेल चोपडलं. दोराला आम्ही सात जण होतो: बाबा, काका, आई, काकी, जानकी, चंद्री आणि मी. उंडीच्या झाडांखाली गावातले पुरुष विड्या ओढत बसले होते. वलांड्यांपाशी बायका बोंबील उतरवत होत्या. आम्ही ओढलं. होडी जागची हलली नाही. पुन्हा ओढलं. बाबाच्या मानेच्या शिरा फुगल्या, आणि तरीही होडी तिथेच. झाडांखालून एक माणूस उठून दामाच्या घराकडे पळाला. बायकांनी दोराला हात लावला ही बातमी आधी कुणी पोचवायची याची त्याला घाई होती.

थोड्या वेळात नगारा वाजायला लागला. गावकी बोलावली होती. झाडांखालचे पुरुष उठले, अंगावरची वाळू झटकली आणि खाली मान घालून निघाले. बोलावणं आल्यावर जायलाच हवं. बघता बघता किनाऱ्यावर फक्त बायका उरल्या.

दामाची सख्खी मावशी वलांडीखाली बसली होती. सत्तरीची, कमरेत वाकलेली. तिने हातातले बोंबील टोपलीत ठेवले, गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “नगारा दादल्यांना बोलावतंय. आपला काय काम तिथं? चला गो, हितं काम हाय.” ती आली आणि माझ्यापुढे दोर धरून उभी राहिली. तिच्या ओढण्याने होडी काय हलणार होती? पण तिच्या मागून एक आली, मग दोघी, मग कुणी मोजलं नाही. ज्या बाईने बाजारात तोंडावर पदर घेतला होता तिने तोच पदर कमरेला खोचला होता.

मी घाबरून दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता. शेजारून आवाज आला, “गुंडाळू नको. हात तुटंल. मुठीत धर.” ती चंद्री होती. दोन वर्षांनंतर ती माझ्याशी बोलली ते हे. मी दोर सोडवून मुठीत धरला. मला रडू येत होतं आणि रडायला मोकळा हात नव्हता.

होडी ओढताना पुरुष जी आरोळी देतात तिची चाल बायकांना माहीत नव्हती. कुणी आधी ओढत होतं, कुणी नंतर. मग जानकीने धवला लावला. लग्नातला, देवांना बोलावण्याचा. तिचा आवाज आधी चिरका निघाला, दोन वर्षं न वापरलेला, मग मोकळा झाला. तो सूर साऱ्या बायकांच्या अंगात लहानपणापासून मुरलेला होता. ओळ संपली की सगळ्यांचा जोर एकदम लागायचा. तिसऱ्या ओळीला ओंडका कुरकुरला आणि होडी हातभर वर आली.

देवळात त्या वेळी काय झालं ते मी इतक्या जणांकडून ऐकलं की मी तिथे होतेच असं वाटतं. दामाने नारळ ठेवला आणि सांगितलं, ज्यांच्या बायका दोराला हात लावतील ती घरं वाळीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, म्हणजे कुणाची, नावं सांग. बाहेरून धवला ऐकू येत होता. दाराशी उभा असलेला एक जण किनाऱ्याकडे बघून नावं सांगू लागला. पहिलं नाव दामाच्या मावशीचं आलं. मग एकेक घर येत गेलं, येतच गेलं. तो म्हातारा म्हणाला, “मंग गावकीत ऱ्हानार कोन, नाखवा? तू आनी ह्यो नारळ?”

कुणीतरी हसलं. मग दुसरा हसला. किती वर्षांनी त्या देवळात हसणं झालं होतं. काही जण हसता हसता डोळे पुसत होते म्हणे. नारळावर हात ठेवायला एकही जण पुढे आला नाही.

दामा एकटाच खाली किनाऱ्यावर आला. होडी तेव्हा चढावर मध्यावर होती. अशा वेळी थांबलं तर होडी मागे घसरते आणि दोर धरलेल्यांना फरपटत नेते. तो येऊन होडीच्या वाटेत, दोराच्या बाजूला हातभरावर उभा राहिला. धवला थांबला. सगळ्या बायकांचे हात ताणलेले, टाचा वाळूत रुतलेल्या. वादळात याच माणसाने याच जागी उभं राहून माझ्या काकाला ओढून काढलं होतं.

आई दोर न सोडता म्हणाली, “नाखवा, हात लाव, न्हाय तं बाजूला हो. आमचे हात भरलेत.”

तो किती वेळ उभा होता कोण जाणे. मला ते फार लांबलचक आठवतं. मग तो बाजूला झाला. हात मात्र लावला नाही. त्याच्या मागून गावातले पुरुष येत होते, आणि ते काही न बोलता दोराला लागले. होडी वर गेली, शेवटच्या माडांच्या रांगेपर्यंत. संध्याकाळी आई तळहाताच्या फोडांना खोबरेल लावत बसली होती. बाबाने तिच्यासाठी भाकरी वाढून आणली. आमच्या घरात ते त्याआधी कधी घडलं नव्हतं.

इथे गोष्ट संपवली तर ती छान दिसेल, पण तशी ती संपली नाही. आठवड्याने नगारा देवळात परत आला आणि लगेच वाजला. लोकांना आता दामाला वाळीत टाकायचं होतं. नारळ तयार होता. पहिला हात ठेवायचा मान त्यांनी बाबाला दिला. बाबाने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाला, “माझा हात मिळाचा न्हाय. म्हादूच्या येळेला दिला, तेवढा पुरं.” त्याची समजूत घालून लोक थकले. जानकी नंतर म्हणाली, मला बसू दिलं असतं तर मी दोन्ही हात ठेवले असते. तिचा तो हक्क होता आणि बाबानेही तो कबूल केला. पण त्याच्याशिवाय नारळ पुढे सरकला नाही आणि बैठक उठली.

तरी दामाशी कुणी बोलेना. शपथ नव्हती, पण लोकांना ती सवय झाली होती. तो घरात बसून राहिला. त्याच्या बायकोशिवाय त्या घरातून कुणी बाहेर पडताना दिसत नसे. चौथ्या दिवशी आईने कैरी घातलेलं कालवण एका टोपात काढलं, मला हाताला धरलं आणि त्याच्या घरी गेली. दार लोटलेलं होतं. तो काळोखात पाठ टेकून बसला होता, दाढी वाढलेली. आईने टोप त्याच्यापुढे ठेवला. तो आमच्याकडे बघेना. कालवण गरम आहे, जेवून घे, असं आई म्हणाली. त्याने अगदी हळू, भिंतीपलीकडे कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, “पारू, गावात कोन कोन काय काय बोलतंय माझ्याबद्दल?”

इतकी वर्षं या प्रश्नाचं उत्तर त्याला रोज न विचारता मिळत आलं होतं. आईने माझा हात सोडला, पुढे झाली आणि त्याच्या घराचं दार सताड उघडलं.

“भाईर ये आनी तूच ऐक,” ती म्हणाली. “घाबरू नको. तुला कोनी वाळीत टाकाचा न्हाय.”